क्रमशः

मराठी मासिके-साप्ताहिके वाचणाऱ्याला एक शब्द लहानपणापासून ओळखीचा असतो. गोष्ट ऐन रंगात आलेली असते, नायकाने अंधाऱ्या वाड्याचे दार नुकतेच ढकललेले असते, आणि नेमका तेथेच मजकूर थांबून खाली छापलेले असते : क्रमशः. या शब्दाचा राग येतो, आणि याच शब्दापायी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत राहतो. आज या जागेवर आम्ही या एका शब्दाविषयी लिहिणार आहोत. निमित्त आहे आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या वाचनाचे.

पालकांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. मुले वाचत नाहीत असे कोणी म्हणत नाही. मुले वाचतात, पण काय वाचतात, असा त्यांचा प्रश्न आहे. जादूगार, रक्तपिपासू पिशाच्चे, रात्री लांडग्याचे रूप घेणारी माणसे, आणि हे सारे कोठे, तर शिकागोच्या नाही तर लंडनच्या भर वस्तीत! शिवाय गोष्ट एका पुस्तकात संपत नाही. दहा, पंधरा, वीस पुस्तकांची माळ असते. एक मिटले की दुसरे उघडते. अभ्यास बाजूला, घरची कामे बाजूला, आणि मराठीचे पुस्तक तर त्याहून बाजूला.

या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या गोष्टीला नावे ठेवायची ती आधी नीट पाहावी, हा शहाणपणा आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपल्याला शिकवला आहे. म्हणून हा प्रकार आहे तरी काय, हे प्रथम पाहू.

इंग्रजीत याला 'अर्बन फँटसी' म्हणतात. आपण त्याला नगरातील अद्भुतकथा म्हणू. जुन्या अद्भुतकथेत राजे, किल्ले, घनदाट अरण्ये असत आणि काळ कधीचा ते कोणी विचारत नसे. या नव्या कथेत आजचे शहर असते. बसगाड्या, पोलीस ठाणे, भाड्याची खोली, विजेचे बिल, सारे आपल्या ओळखीचे. मात्र त्याच शहराच्या एखाद्या गल्लीत, पुलाखाली किंवा तळघरात दुसरेच जग नांदत असते. १९८६ मध्ये टेरी विंडलिंग या संपादिकेने 'बॉर्डरलँड' हा कथासंग्रह काढला आणि १९८७ मध्ये एमा बुल या लेखिकेची 'वॉर फॉर द ओक्स' ही कादंबरी आली. तीत अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरातली एक गायिका यक्षगणांच्या युद्धात ओढली जाते. या प्रकाराला आकार आला तो साधारण या सुमारास. १९९३ पासून लॉरेल हॅमिल्टन यांच्या अनिता ब्लेकची पुस्तके येऊ लागली, आणि पुढे अशा मालांना जणू पूर आला.

त्यांतील एक फार गाजलेली माला म्हणजे जिम बुचर यांची 'ड्रेस्डेन फाइल्स'. पहिले पुस्तक २००० साली निघाले. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागो शहरातला जादूगार आहे आणि त्याचे नाव, धंद्यासकट, टेलिफोनच्या पुस्तकात छापलेले आहे. हरवलेल्या वस्तू शोधणे, न उलगडणाऱ्या गुन्ह्यांत पोलिसांना मदत करणे, हा त्याचा पोटाचा धंदा. मंत्र येतात, पण भाडे थकलेले असते. वाचकाला तो आवडतो तो जादूमुळे तर खराच, पण त्याहून अधिक या थकलेल्या भाड्यामुळे. पहिल्या पुस्तकात हा एकटा माणूस आहे. पुस्तकांमागून पुस्तके येतात तसतसे त्याला मित्र मिळतात, भाऊ सापडतो, जखमा होतात, चुकांची किंमत मोजावी लागते. पंधराव्या पुस्तकापर्यंत आलेल्या वाचकाला तो घरच्या माणसाइतका ठाऊक झालेला असतो.

दुसरी माला आम्हांला आपल्या बेटाच्या दृष्टीने अधिक जवळची वाटते. बेन आरोनोविच या ब्रिटिश लेखकाची 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही माला २०११ साली सुरू झाली. तिचा नायक पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला साधा शिपाई. त्याची आई पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनची, वडील लंडनचे जॅझ वादक. एका खुनाच्या तपासात त्याला साक्षीदार भेटतो तो भुताच्या रूपात, आणि तेथून तो मंत्रविद्या शिकू लागतो. या कथेत लंडनच्या नद्यांना देह आहेत, स्वभाव आहेत, भांडणे आहेत. थेम्स नदीची देवी कोण, तर नायजेरियाहून परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी आलेली एक स्त्री! जमिनीखाली बुजवलेल्या फ्लीट, टायबर्न अशा नद्या तिच्या मुली म्हणून शहरात वावरतात.

वाचकहो, क्षणभर विचार करा. परक्या देशातून पोटासाठी आलेली बाई त्या देशाच्या नदीची देवता होते, ही कल्पना आपल्याला परकी वाटावी काय? आपल्याही बेटावरून साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मुली परिचारिका होण्यासाठी विलायतेला गेल्या. आणि नदीने समुद्र ओलांडण्याचे म्हणाल, तर ते आपण स्वतः पाहिले आहे. ग्रां बासँच्या तलावात १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगेचे पाणी मिसळले गेले, आणि आज महाशिवरात्रीला लाखो भाविक ज्या ठिकाणी कावड घेऊन चालत जातात, त्याला आपण गंगा तलाव म्हणतो. ज्या समाजाने आपली नदी बरोबर आणली, त्या समाजातील मुलाला थेम्सच्या देवीची गोष्ट लगेच उमगते. त्यात त्याची चूक नाही. ते त्याच्या रक्तातले शहाणपण आहे.

आता 'क्रमशः' या शब्दाकडे वळू. अशी लांब माला वाचणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. तिसऱ्या पुस्तकात ओझरता आलेला माणूस नवव्या पुस्तकात महत्त्वाचा ठरतो, तेव्हा तो लक्षात असावा लागतो. कोणी कोणाला काय वचन दिले, कोणाचे ऋण फेडायचे राहिले, याची टाचणे मनात ठेवावी लागतात. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे वाट पाहणे. ड्रेस्डेनचे पंधरावे पुस्तक २०१४ साली निघाले. सोळाव्यासाठी वाचकांना २०२० पर्यंत, म्हणजे सहा वर्षे थांबावे लागले. मग त्या एकाच वर्षी सोळावे आणि सतरावे अशी दोन्ही पुस्तके हाती आली. जो मुलगा चौदाव्या वर्षी थांबला होता, तो विसाव्या वर्षी पुढचे पान उलटत होता. ज्या काळात सारे काही बोट लावताच हवे असते, त्या काळात मुले एखाद्या गोष्टीसाठी सहा वर्षे थांबतात आणि थांबून पुन्हा परततात, याचे आम्हांला कौतुक वाटते.

ही निष्ठा नवीन नाही. १८९३ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले, तेव्हा वाचक लेखकावर रुष्ट झाले आणि अखेर १९०३ मध्ये त्यांना होम्सला परत आणावे लागले. अलीकडे शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाउसची तेरा पुस्तकांची माला २०१३ साली संपली, तेव्हा शेवट मनासारखा झाला नाही म्हणून अनेक वाचक लेखिकेवर संतापले. संतापाच्या भरात मर्यादा सोडणे केव्हाही वाईटच. पण एक गोष्ट त्यातून दिसते. लांब चाललेली गोष्ट ही एकट्या लेखकाची राहत नाही. बारा वर्षे सोबत चाललेल्या वाचकाला तिच्यावर आपलाही हक्क आहे असे वाटू लागते.

आणि आपल्याकडे हे नव्हते काय? आजी-आजोबांनी आठवून पाहावे. पोथी एका बैठकीत कधी संपत नसे. नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय. रोज एक वाचायचा, कापडात गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुढे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकले, आता गोरक्षनाथ त्यांना सोडवणार कसे, ही हुरहूर घेऊन ऐकणारे घरोघर झोपायला जात. भिक्षा मागत गावात आलेला जोगी सिद्धपुरुष निघावा, चिमूटभर भस्माने चमत्कार घडावा, हे सारे त्या पोथीत आहे. फरक एवढाच की तेथे श्रद्धा होती आणि श्रवणाचे पुण्य होते. येथे मनोरंजन आहे. हा फरक लहान नाही, आणि आम्ही पोथी व कादंबरी एका पारड्यात घालत नाही. पण वाट पाहण्याची सवय दोन्हींकडे एकच आहे.

पुढे छापखाने आले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले. त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली आणि बालविधवेचे दुःख महाराष्ट्रातील घराघरांत आठवड्या-आठवड्याने पोहोचले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड एका पिढीला नातेवाइकांसारखे झाले होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना पुस्तकामागून पुस्तक ओढत नेई. आणि ज्यांना वाटते की नगरातील अद्भुतकथा हे केवळ इंग्रजीचे खूळ आहे, त्यांनी नारायण धारपांच्या समर्थकथा वाचाव्यात. साध्या नोकरदार माणसाच्या घरात, ओळखीच्या रस्त्यावर अमंगळ शक्तीची सावली पडते आणि समर्थ धावून येतात, असे कितीतरी प्रसंग धारपांनी मराठीत रंगवले, तेही शिकागोचा जादूगार टेलिफोनच्या पुस्तकात येण्याच्या पुष्कळ आधी.

आपले बेट तर अशा कथांचे माहेरघरच आहे. कोकणातून निघालेल्या आपल्या पूर्वजांच्या बोलण्यात वेताळ, मुंजा, देवचार होतेच. गावाची राखण करणारा कोणी अदृश्य राखणदार आहे ही त्यांची समजूत उसाच्या मळ्यांत आल्यावरही मोडली नाही. तेथे त्यांना शेजारी बिहारी कुटुंबांची कालीमाई भेटली आणि क्रिओल शेजाऱ्यांचा 'लू-गारू' म्हणजे लांडगामानव भेटला. १९९४ च्या फेब्रुवारीत 'हॉलांडा' चक्रीवादळ येऊन गेले. विजेच्या तारा तुटल्या, दिवसच्या दिवस अंधार राहिला, आणि त्या अंधारात 'तूनी मिनवी' नावाच्या लांडगामानवाची अफवा बेटभर पसरली. लोक काठ्या घेऊन रात्री पहारा देत. त्या भीतीने हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती असा भेद केला नाही. वीज आली आणि तूनी मिनवी नाहीसा झाला. ज्यांनी त्या रात्री पाहिल्या, ते आज आजी-आजोबा झाले आहेत. या एका आठवणीत कितीतरी पुस्तकांची सामग्री पडून आहे. पण ती मराठीत कोणी लिहिली आहे काय?

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. मात्र त्याआधी पालकांच्या तक्रारीतील खरा भाग मान्य केला पाहिजे. काही माला केवळ खपतात म्हणून लांबवल्या जातात. तोच शत्रू नवे नाव घेऊन येतो, तेच संकट दुपटीने मोठे होते, आणि सातव्या पुस्तकापासून पुढे पाणी घातलेल्या ताकासारखी चव लागते. काही माला आरंभी साध्या असतात आणि पुढे केवळ प्रौढांनी वाचाव्यात अशा होतात. अनिता ब्लेकची पुढची पुस्तके शाळकरी मुलांच्या हाती देण्यासारखी नाहीत. तेव्हा पहिले पुस्तक चांगले निघाले म्हणून पुढची सर्व चांगली, असे समजू नये. आईवडिलांनी मधून मधून चार पाने स्वतः वाचावीत. शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. परदेशातून येणारे पुस्तक स्वस्त नसते, आणि एका मालेची पंधरा पुस्तके म्हणजे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट.

परंतु 'हे वाचू नको' असे म्हणून प्रश्न सुटत नाही. पुस्तक हातातून काढून घेतले म्हणजे मूल मराठी पुस्तक उचलील, असे कोणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. इंग्रजी पुस्तक गेले की त्या जागी फोनचा पडदा येतो.

आमचा खरा प्रश्न वेगळा आहे. आपली मुले शाळेत मराठी शिकतात. महात्मा गांधी संस्थानाने पाठ्यपुस्तके दिली, शिक्षकांनी कष्ट घेतले, बैठकांतून आपल्या वडिलांनी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवली. मूल परीक्षा देते, गुण मिळवते, आणि त्या दिवशी मराठीचे पुस्तक मिटते ते कायमचे. असे का होते? कारण त्या पुस्तकाच्या शेवटी 'क्रमशः' नसते. पाठ संपतो, प्रश्नोत्तरे येतात, आणि पुढे काय झाले हे जाणून घेण्यासारखे काही उरत नाही. व्याकरणाच्या धाकाने भाषा परीक्षेपर्यंत जाते. परीक्षेच्या पुढे न्यायची तर तिला गोष्टीचे बोट धरावे लागते.

याला इतिहासाचा दाखला आहे. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. तिलिस्म, ऐयार, गुप्त दरवाजे यांनी भरलेली ती कथा 'चंद्रकांता संतति'च्या रूपाने पुढे कितीतरी भाग चालत राहिली. हिंदी साहित्याचे इतिहासकार सांगतात की ती वाचता यावी एवढ्यासाठी असंख्य लोक हिंदी शिकले. त्यांत केवळ उर्दू जाणणारे पुष्कळ होते. त्यांना कोणी भाषेचे महत्त्व पटवून दिले नव्हते, कोणी मातृभाषेवर भाषण केले नव्हते. पुढच्या भागात काय होते हे कळावे, एवढीच त्यांची निकड होती. ऐयारांच्या एका कथेने जे केले ते शंभर व्याख्यानांना जमले नसते.

मग आपण काय करावे? आमच्या मते चार गोष्टी करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, मुलाला विचारावे. तू वाचतोस ती गोष्ट मला सांग, पण मराठीत सांग. शब्द अडतील, तेथे क्रिओल येऊ द्यावे, हसू नये. आजीने एक अध्याय ऐकला की दुसऱ्या दिवशी 'पुढे काय झाले रे?' असे आवर्जून विचारावे. शिकागोचा जादूगार का होईना, त्याच्या निमित्ताने घरात मराठी वाक्ये बोलली जातील. आणि ऐकून झाल्यावर आजीने आपल्या पोतडीतील एक गोष्ट सांगावी. ती मात्र अर्ध्यावर थांबवावी.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांविषयी. क्यूरपीपच्या कार्नेगी लायब्ररीपासून गावच्या वाचनालयापर्यंत, आपल्याकडे पुस्तके मागवणाऱ्या सर्वांना आमची विनंती आहे की माला घ्यायची तर सलग घ्यावी. पहिले, चौथे आणि नववे पुस्तक कपाटात ठेवणे म्हणजे जेवायला बसवून मधले वाढप विसरण्यासारखे आहे. आणि त्याच कपाटात फास्टर फेणे, अर्नाळकर, धारप हेही सलग असावेत. आपल्या मंडळांनी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांकडे हार-तुऱ्यांऐवजी अशी पुस्तके मागावीत.

तिसरी गोष्ट मंडळांसाठी. भजनाला आपण जमतो, गणेशोत्सवात जमतो, झाकरी नाचतो. याच बैठकीत महिन्यातून एकदा अर्धा तास एखाद्या मराठी कादंबरीचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि रंगात आले की पुस्तक मिटावे. ज्यांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येते. पोथी अशीच टिकली. वाचणारा एक असे, ऐकणारे पन्नास.

चौथी गोष्ट तरुणांसाठी, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही इतरांच्या शहरांतील अद्भुत पुष्कळ वाचलेत. आता आपल्या शहरातील लिहा. पोर्ट लुईच्या बाजारात, आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर, कास्कावेलच्या विठ्ठल मंदिराच्या वाटेवर, वाकोआच्या धुक्यात काय दडले आहे ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक? घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढताना जो एक प्रवासी नोंदवहीत न लिहिताच बेटावर उतरला, तो कोण होता? मराठी सोपी असली तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सांभाळू. अशी कथा कोणी पाठवली आणि ती निभावण्याची जिद्द दाखवली, तर या पानाचा एक स्तंभ तिच्यासाठी दर आठवड्याला मोकळा ठेवण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत. अट एकच. पहिला भाग पाठवताना पुढचे तीन लिहून तयार असावेत, कारण वाचकाला वाट पाहायला लावणे वेगळे आणि वाटेत सोडून देणे वेगळे.

पूर्वजांनी बोटीतून उतरताना सामान थोडे आणले होते. भाषा आणली, देव आणले, गाणी आणली, आणि गोष्टी आणल्या. भाषणांतून आपण भाषेची काळजी वाहतो, मंदिरांतून देवांची, झाकरीतून गाण्यांची. गोष्टींची काळजी मात्र कोणी घेतली नाही. त्या सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांची गोष्ट अर्ध्यावर आली आहे. तिच्याखाली 'समाप्त' लिहायचे की 'क्रमशः', हे ठरवण्याचे काम आता ज्यांच्या हाती पुस्तक आहे त्या मुलांचे आहे, आणि त्यांना पुढचा भाग विचारणाऱ्या आपल्या सर्वांचे आहे.